भावजींच्या डोळ्यांची कड

भावजी, मी सांगून टाकलं. आधी तुमच्या रुपाला, मग ह्यांना, आणि मग पोलिस चौकीत जाऊन जबाबही दिला. तुम्ही घातलेली आण मी मोडली. रागवायचं तर रागवा, पण आधी माझं सगळं ऐकून घ्या. जिवंत असताना तुम्ही कधी माझं पुरतं ऐकलं नाहीत. मी मुद्द्यावर आले की 'वहिनी, चहा टाका' म्हणून उठायचात. आता कुठं उठताय?

लोक अजून बसायला येतात. वडगावातले येतात, बारामतीचे येतात, इंदापूरचे ते मंडपवाले तर दोनदा येऊन गेले. सगळ्यांचं एकच. पेंटरची नजर म्हणजे काय नजर होती, लांबून येणाऱ्या ट्रकचं नाव वाचायचे, रंगात एक थेंब जास्त पडला तरी ओळखायचे. मी आत चहा गाळत ऐकायची आणि गाळणी हातात तशीच राहायची. त्या नजरेचं काय झालं होतं ते अख्ख्या गावात मला एकटीला माहीत होतं.

आणि लोक जेवढी तुमच्या नजरेची तारीफ करत होते तेवढा तो बबन खाली दबत होता. बबन म्हणजे अंथुर्ण्याचा ट्रॅक्टरवाला, ज्याच्या उसाच्या ट्रॉलीवर तुमची मोपेड गेली. टायर बसला म्हणून त्यानं ट्रॉली रस्त्याच्या डाव्या अंगाला घेतली होती. मागं दगड मांडले होते, दगडांवर उसाच्या वाढ्याची हिरवी पेंडी ठेवली होती, आपल्याकडं सगळेच ठेवतात तशी. भर दुपारची वेळ. पण आपली माणसं म्हणाली, उन्हात उभी असलेली ट्रॉली पेंटरला दिसली नाही हे कुणाला पटंल? यानं ट्रॉली मागं घेतली असणार. ह्यांनी तशीच तक्रार दिली. ऐन हंगामात त्याचा ट्रॅक्टर चौकीत जाऊन उभा राहिला. तो बिचारा विचारंल त्याला एवढंच सांगत राहिला, "ट्रॉली उभी हुती. म्या हलवली न्हाय."

मला माहीत होतं तो खरं बोलतोय. पण माझ्या तोंडाला तुम्ही कुलूप घातलेलं.

तुमचं आणि माझं नातं तसं भिंतीवरनं सुरू झालं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. तुम्ही तेव्हा मिसरूड फुटलेलं पोर, गोठ्याच्या भिंतीवर खडूनं अक्षरं गिरवत बसायचात, पुढं पेंटर व्हायचं म्हणून. मी शेण काढता काढता बघायची. पहिलं काय वाचलं माहीत आहे? ट्रॉलीच्या फळीवर तुम्ही रंगवलेलं 'जय मल्हार'. त्या ल्हा नं मला फार छळलं. तुम्ही म्हणालात, "वहिनी, ल च्या पोटात ह बसलाय असं समजा." पोटुशी अक्षरं म्हणायची मी जोडाक्षरांना. तुम्ही ते गावभर केलंत. आज हे लिहितेय ते त्याच भिंतीच्या जिवावर. शाळेचं तोंड मी पाहिलं ते रुपाचं नाव घालायला गेले तेव्हा.

मग तुम्ही जत्रेतल्या नाटकांचे पडदे रंगवायला लागलात. राजवाडा, जंगल, नदी. मी भाकरी घेऊन यायची तेव्हा पडदा जमिनीवर पसरलेला असायचा आणि तुम्ही कडेला उकिडवे. मी म्हणायची, मधला राजवाडा सोडून कडेचं गवत काय रंगवत बसलाय? तर तुम्ही सांगायचात, "मधलं कसंबी चालतं वहिनी, मधी नट उभं ऱ्हात्यात. पडदा खोटा पडतो तो कडेनं." तुमची रीतच ती. कुठलाही पडदा असो, आधी कडा. मधलं मागनं.

पुढं फ्लेक्स आले आणि पडदेही गेले, पाट्याही गेल्या. दुसरा एखादा कॉम्प्युटरच्या नावानं बोटं मोडत बसला असता. तुम्ही बारामतीच्या फ्लेक्सच्या दुकानात जाऊन ते यंत्र कसं रंग सोडतं ते बघत बसायचात. घरी आलात की उपाशी. तुमची बायको शालन देवाघरी गेली होती, रुपा माझ्या पदराला. मला तुमचा राग यायचा. पोटावर पाय देणाऱ्याच्या दारात कोण जाऊन बसतं? पण रुपा तुमचं बघत होती. पोरगी पुण्याला शिकली आणि गेम बनवणाऱ्या कंपनीत लागली. काय काम करतेस म्हटलं तर म्हणाली, मोठी आई, मी गेममध्ये उजेड लावते. मी म्हटलं, लायनमन झालीस म्हण की.

त्या उजेडाची गोष्ट तुम्हाला किती आवडायची. रुपा सुट्टीला आली की तुम्ही तिला ओट्यावर बसवून विचारायचात, नवीन काय येतंय? ती सांगायची, खऱ्या जगात किरण दिव्यातून निघतो, वस्तूवर आपटतो आणि डोळ्यात येतो. आमचं गेमचं मशीन उलटं करतं. डोळ्याच्या जागेवरनं किरण सोडतं, तो वस्तूवर जातो आणि तिथनं दिवा हुडकत जातो. दिव्यातनं सोडले तर बहुतेक वाया जातात, डोळ्याकडं येतच नाहीत. मी पीठ मळत होते. मी म्हटलं, "मंजी दृष्टच की ही. डोळ्यातनं निघती आन् जाऊन लागती." रुपा हसून लोळली. तुम्ही हसला नाहीत. तुम्हाला ते एकदम पटलं. पण पुढं कितीतरी दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटलात, आमच्या वहिनी कॉम्प्युटरची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढत्यात.

त्याच दिवशी ती दुसरंही बोलली होती. सगळे किरण मोजायला वेळ नसतो म्हणून मशीन थोडेच सोडतं. चित्रात भोकं राहतात. ती भोकं ते अंदाजानं भरतं, ढीगभर चित्रं बघून शिकलेला अंदाज. येत्या काळात मोजलेलं थोडं आणि भरलेलं जास्त असं होत जाणार. आणि त्याच्याही पुढं नुसतं बोलायचं, नदीकाठ पाहिजे, सांजवेळ पाहिजे, की मशीन उजेडासकट उभं करील. हे सांगताना पोरीचा आवाज खाली आला. उजेड लावणं हेच तर तिचं काम. शेजारच्या टेबलावरची माणसं एकेक करून कमी व्हायला लागली होती. तुम्ही तिच्याकडं बघितलंत. मला वाटलं तुम्हाला फ्लेक्स आठवला.

मग तुम्ही माझी दुधाची किटली लाथाडलीत. डेअरीत घालायचं दूध, भरलेली किटली, तुमच्या डाव्या हाताला. दूध गोठ्यात पसरलं. मी तोंड सोडलं, तर तुम्ही सांडलेल्या दुधाकडं बघत म्हणालात, "दिसली न्हाय, वहिनी." पुढं इंदापूरच्या एका देवळाची पाटी तुम्ही डावीकडचं एक अक्षर गाळून रंगवलीत. तेव्हा मी हट्टानं तुम्हाला बारामतीला डोळ्याच्या डॉक्टराकडं नेलं. ह्यांना सांगितलं बँकेत काम आहे.

काचबिंदू. कडेची नजर गेलेली, डावीकडची जास्त. गेलेली परत येत नाही, आहे ती औषधानं राखायची, गाडी चालवायची नाही. तुम्ही डॉक्टरांना विचारलंत, मग तिथं काळं का दिसत नाही मला? ते म्हणाले, मेंदू आजूबाजूचं घेऊन ती जागा भरून काढतो, म्हणून तर लोकांना उशिरा कळतं. बाहेर आल्यावर स्टँडवरच्या बाकावर तुम्ही बसलात आणि चक्क हसलात. "रुपीचं मशीन देवानं माझ्या डोक्यात आधीच बशिवलंय की, वहिनी. कड नसली तरी चित्र पुरं दिसतंय." मला हसू आलं नाही. मला तुमचे पडदे आठवले.

तिथंच तुम्ही गळ्याला चिमटा धरलात. "माझ्या गळ्याची आण हाय. रुपीला ह्यातलं कळू द्यायचं न्हाय. दादालाबी न्हाय. तिथं माणसं कमी करायला लागल्यात, आन् हिला आयतं कारण मिळंल. सगळं सोडून माझी काठी व्हायला यील."

आता शिकलेली माणसं हसतील. पण आपल्याकडं गळ्याची आण म्हणजे काय ते तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. मोडली तर ज्याच्या गळ्याची, त्याच्यावर येतं. मी तुमच्या जिवासाठी गप्प बसले, भावजी. तुमचा जीव राहावा म्हणून ते गुपित राखलं आणि त्या गुपितानंच तुमचा जीव नेला. हे कुठल्या देवाला विचारू?

दिवाळीला रुपा डोळ्याला लावायचा तो डबा घेऊन आली. आत गेम दिसतो म्हणे, चहूबाजूंनी. तुम्ही तो लावून अंगणात उभे राहिलात, कोंबड्या पायात. मी म्हटलं, घाण्याच्या बैलाला झापड लावल्यागत दिसताय. रुपा सांगत होती, याच्यापुढचे असे येताहेत की आत बसून तुमचं बुबुळ कुठं फिरतंय ते बघणार. जिथं बघाल तेवढंच बारकाईनं काढायचं, कडेचं भरड ठेवायचं, कारण कडेचं माणसाला तसंही नीट दिसत नाही. मशीनची केवढी मेहनत वाचते. तुम्ही डबा तसाच डोळ्यावर ठेवून म्हणालात, "मंजी कड सोडून दिली म्हण की." आणि मान इकडून तिकडं, पार खांद्यापर्यंत फिरवत राहिलात. पोरगी हसली, आण्णा, एवढी मान कशाला फिरवताय? तुम्ही म्हणालात, लई भारी केलंय, सगळं बघून घेतो. मी तिथनं उठून चुलीपुढं जाऊन बसले.

आपलं भांडण तेव्हापासनं जे लागलं ते अजून तसंच आहे. मी म्हणायची, गाडी सोडा. तुम्ही म्हणायचात, मान फिरवून बघतो की. मी चावी हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात लपवली, तर तुम्ही बारामतीहून दुसरी करून आणलीत आणि मलाच म्हणालात, वहिनी, डाळीला कुलूप लावायचं का? मी म्हणायची, चित्रात अंदाज चालतो, भावजी, पडद्यातल्या नदीत कुणी बुडत नाही. रस्त्याला अंदाज चालत नाही. तुम्ही म्हणायचात, "जल्म अंदाजावरच काढलाय. आता म्हातारपणी मोजून चालू व्हय?" सगळ्यांचाच जन्म अंदाजानं जातो, हे मलाही कळतं. पण कुठला अंदाज आपला नि कुठला डोळ्यानं परस्पर करून दिलेला, हे माणसाला कळायला नको का?

त्या दिवशी सकाळी तुम्ही सांगून गेलात, इंदापूरच्या मंडपवाल्याला जुना पडदा सापडलाय, कडेचा रंग गेलाय, हात फिरवून येतो. मी म्हटलं, एसटीनं जा. तुम्ही 'व्हय' म्हणालात. तुमचं व्हय मला ठाऊक होतं. मी परसात होते, मोपेडचा आवाज ऐकला.

दहाव्याला नीरेच्या काठावर आपली सगळी माणसं जमली होती. बबन आला. पार लांब, बाभळीखाली उभा राहिला, टोपी हातात घेऊन. ह्यांनी बघितलं आणि दगड उचलला. मारला नाही, पण उचलला. तो मान खाली घालून निघून गेला. भावजी, तुमच्या दादांनी आयुष्यात मेंढराला कधी दगड मारला नाही. तो दगड त्यांच्या हातात बघितला आणि माझं ठरलं. आण मोडली तर तुमचं आणखी काय वाईट व्हायचं राहिलं होतं? आता जे व्हायचं होतं ते त्या माणसाचं. आणि तुम्ही आण घातली होती ती रुपाची नोकरी टिकावी म्हणून, दुसऱ्याचा संसार मोडावा म्हणून नाही. एवढं तुमच्या मनातलं मला कळतं, का तेही अंदाजानंच भरतेय मी?

रुपा तुमच्या खोलीत ब्रश धूत बसली होती. वाळलेले, कामाला न येणारे. तिला कसं सांगावं मला सुचेना. शेवटी तिच्याच कामातनं गेले. म्हटलं, तुझं ते मशीन नाही का, जे मोजलं नाही ते अंदाजानं भरतं. तुझ्या बापाचा डोळा तसं करत होता. कडेचं दिसत नव्हतं, आणि दिसत नाही हे दिसत नव्हतं.

ब्रश तिच्या हातात राहिला. मग म्हणाली, "आण्णांनी मला फोनवर विचारलेलं. कडेला खोटं भरलेलं असलं तर बघणाऱ्याला कळतं का गं? मला वाटलं गेमचं विचारताहेत."

मी विचारलं, मग तू काय सांगितलंस?

"म्हटलं, अजिबात कळत नाही, आण्णा. तीच तर आमची कमाल आहे." आणि तिनं तोंड दोन्ही हातांत घेतलं. "मी किती मिरवून सांगितलं, मोठी आई."

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तुला माहीत होतं, मला का नाही सांगितलंस, एवढं एकदा म्हणाली. आणीचं सांगितलं तर उठून बाहेर गेली. तिच्या कामाचं काय होणार तेही मला विचारवत नाही. ती परत जाईल म्हणते. पण त्या गेममधल्या कडांकडं आता तिला बघवेल का, हे कुणाला ठाऊक. तुम्ही तिला वाचवायला जे झाकलंत ते सगळं तिच्या अंगावर एकदम आलं, भावजी. याचा हिशोब तुम्हीच द्यायचा होता, मला द्यावा लागतोय.

ह्यांना सांगितलं तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून बसले. "माझ्या भावाचं मला कळू नये," एवढंच म्हणाले. मला वाटलं आता मारतील. ते उठले, टोपी घातली, आणि चपला शोधायला लागले. चौकीत मी जबाब दिला तेव्हा ते बाजूला उभे होते. मी कुठं अडखळले तर पुढचं ते सांगत होते, बारामतीच्या डॉक्टरांचा कागद घरात आहे म्हणून. साहेब म्हणाले, तक्रारीचं बघू, वेळ लागेल. ट्रॅक्टर अजून तिथंच आहे. त्याच्या टायरवर धूळ बसली आहे.

मग रुपाच म्हणाली, बबनच्या घरी जाऊ. हे आले नाहीत. त्यांना तोंड दाखवायची हिंमत झाली नाही, आणि मी त्यांना जोर केला नाही. आम्ही दोघी एसटीनं अंथुर्ण्याला गेलो. बबन घरीच होता. वयानं तुमच्यापेक्षा थोडाच धाकटा. आम्हाला बघून उभा राहिला, बायकोला पाणी आणायला सांगितलं. मी सगळं सांगितलं, तुमच्या डोळ्यांचं, आणीचं, जबाबाचं. म्हटलं, तुमची काही चूक नव्हती. मला वाटलं माणूस मोकळा होईल. तो होईना. मग रुपानं तिच्या परीनं समजावलं, डावीकडचं त्यांना दिसतच नव्हतं, तिथं त्यांना मोकळा रस्ता दिसत असणार.

बबन खाली बसला. म्हणाला, "पर त्यांनी मला बघितलं हुतं, आक्का."

ट्रॉलीच्या उजव्या कोपऱ्याला तो उभा होता म्हणे, येणाऱ्या गाड्यांना हातानं बाजूनं जा म्हणून दाखवत. तुम्ही लांबून येताना दिसलात. तुमची नजर नीट त्याच्यावर, म्हणजे ट्रॉली नजरेच्या डाव्या अंगाला. त्यानं तुम्हालाही हात केला, हिकडनं जावा म्हणून. "तर त्यांनीबी हात वर केला. रामराम केल्यागत. आन् हसलं. ओळखीचं असल्यागत हसलं. म्या म्हणलं, माणूस बघतंय, आता वळंल. म्हणून वरडलो न्हाय." पदर तोंडाला लावून त्याची बायको दारात उभी. जेवण जात नाही म्हणाली त्यांना, तेव्हापासनं.

रुपा त्याच्यापुढं जमिनीवर बसली. त्याला धीर देईल असं मला वाटलं, पण तिनं विचारलं, "नक्की हसले होते?"

"व्हय की, पोरी. चांगलं तोंडभरून."

तिनं ते त्याच्याकडनं पुन्हा सांगून घेतलं. हात कसा वर केला, कुठला हात, आधी हसले का आधी हात केला. तोही सांगत राहिला, सावकाश, काही वाढवलं नाही. चौकीत, दवाखान्यात, आपल्या माणसांनी घरी येऊन आरडाओरडा केला तेव्हा, शेवटच्या घडीला तुम्ही कसे होतात हे कुणीच त्याला विचारलं नव्हतं. सगळ्यांनी ट्रॉलीचंच विचारलं होतं.